त्यात काय एवढं!

आमच्या घराण्यात कारागिराला पैसे देऊन काम करून घेतल्याचा दाखला सापडत नाही. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांनी विहिरीची मोट स्वतःच्या हातानं शिवली होती. ती पहिल्याच खेपेला तळाशी गेली, अजून तिथेच आहे. वडील आम्हा भावंडांचे केस घरीच कापायचे, त्यामुळे शाळेच्या ग्रुप फोटोत आम्ही कुठे आहोत हे कुणाला विचारावं लागत नाही. मी स्वतः दिवाणखान्यातला पंखा दुरुस्त केलाय. तो तेव्हापासून उलटा फिरतो, पण फिरतो. या सगळ्या पराक्रमांमागे एकच वाक्य आहे, ‘त्यात काय एवढं!’ आजोबा ते मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, वडील कात्रीची धार बघत म्हणायचे, मी चष्मा कपाळावर सारून म्हणतो.

त्यात माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात झाली. दुसऱ्यांच्या बिलांवर ‘सदर काम विभागामार्फत का करून घेतले नाही?’ असे शेरे मारण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर शेरे मारायला बिलं उरली नाहीत आणि बायकोच्या किराणा यादीवर मारलेले शेरे तिनं वाचायचं सोडून दिलं. अशा रिकाम्या काळात घरात कुत्रा आला.

कुत्रा मुलाचा. मुलगा पुण्यात हिंजवडीला असतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात बसून बसून कंटाळलेल्या तरुणांनी जे जे केलं, त्यात आमच्या चिरंजीवांनी गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू आणलं. पुढे पिल्लाचा कुत्रा झाला, कंपनीनं मुलाला जर्मनीला पाठवायचं ठरवलं आणि एका रविवारी गाडी आमच्या सावेडीतल्या दारात उभी राहिली.

‘बाबा, थोडेच महिने. तुम्ही तसेही घरीच असता.’

या दुसऱ्या वाक्याचा राग यायच्या आत गाडीतून तीसएक किलोचा, गव्हाळ रंगाचा, सगळ्या जगावर खूश असलेला एक प्राणी उतरला आणि त्यानं माझं धोतर चाटलं. मुलानं त्याचं नाव ठेवलं होतं ऑस्कर. माझ्या आईनं ते संध्याकाळपर्यंत भास्कर करून टाकलं. आमच्या शहराचं अहमदनगरचं अहिल्यानगर व्हायला केंद्र सरकारची मंजुरी लागली, २०२४ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. आईला कुणाचीच मंजुरी लागली नाही. आता गल्लीतल्या भजनी मंडळाच्या अध्यक्षांचं नावही तेच आहे, त्याला ती काय करणार? ‘भास्कर, खाली बस! भास्कर, लोकांच्या अंगावर जायचं नाही!’ अशी तिची हाक गेली की ते गृहस्थ आपलं फाटक लावून घेतात.

कुत्र्याबरोबर एक मोठी बॅग आली होती. निरनिराळे ब्रश, कंगवे, नखं कापायचं यंत्र, कसकसल्या बाटल्या. आणि तळाशी, चुकून राहिलेलं, पुण्यातल्या कुठल्याशा पार्लरचं बिल. मी ते सवयीनं उचललं आणि सवयीनंच खालून वर वाचलं. आकडा आमच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाहून मोठा. बाबी : अंघोळ, केस विंचरणे, कान साफ करणे, नखे कापणे, ‘स्पा’ आणि ‘पॉ बटर’.

‘पॉ बटर म्हणजे?’

‘पंजांना लावायचं लोणी, बाबा. पंजे कोरडे पडतात ना.’

आई लसूण सोलत बसली होती. तिनं आपल्या भेगाळलेल्या टाचांकडे एकदा पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांना आमसुलाच्या तेलापलीकडे काही मिळालेलं नाही. मी बिलाची घडी केली, चष्मा कपाळावर सारला आणि ते वाक्य म्हणालो.

खरं तर एवढी घाई करण्याआधी या जातीची थोडी माहिती काढायला हवी होती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात १८६८ साली पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ म्हणून ओळखल्या गेलेल्या एका उमरावानं नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची पाणकुत्री यांची जोडी लावली. आजचे सगळे गोल्डन रिट्रीव्हर त्या घराण्यातले. कुत्र्यानं काय करायचं, तर साहेबानं बंदुकीनं पाडलेलं बदक थंडगार तळ्यात उडी मारून तोंडात धरून आणायचं. त्यासाठी त्याच्या अंगावर केसांचे दोन थर. वरचा लांब, पाणी निथळून टाकणारा. आत दाट, मऊ लव. म्हणजे अंगावर ओतलेलं पाणी कातडीपर्यंत पोचू नये, यासाठी साहेबाच्या पिढ्या खपल्या होत्या. आणि मी ते पाणी कातडीपर्यंत पोचवायला निघालो होतो, नगरमध्ये.

नगरमध्ये हा शब्द इथे महत्त्वाचा. शहराचं पाणी मुळा धरणातून येतं, वसंत टेकडीच्या टाक्यांत चढतं आणि तिथून आमच्या भागात दिवसाआड उतरतं. पाणी यायच्या दिवशी आमच्या गल्लीत लग्नघर नसतानाही लग्नघराची धांदल असते. पिंपं, कळश्या, बादल्या, अगदी प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवणारी माणसं आम्ही.

म्हणून मी नियोजन केलं. आमचा जिल्हा सहकाराचा. प्रवरानगरला १९५० साली शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना चालू करून दाखवला, ती गोष्ट आम्हाला शाळेपासून पाठ. तेव्हा भास्करची अंघोळही सहकारी तत्त्वावर करायची ठरली. आई अध्यक्ष, म्हणजे खुर्चीत बसून सूचना करणार. बायको कार्यकारी संचालक, पाण्याचं वाटप तिच्या हातात. मी ऊसतोड कामगार. राहता राहिला भास्कर, तो सभासद. सभासद जे करतात तेच त्यानं केलं. सभेला आला नाही.

तो दिवाणाखाली सापडला. अंघोळ हा शब्द त्याला कळतो, हे त्या दिवशी मला कळलं. पुण्याच्या पार्लरवाल्यांनी हिंदीत काय म्हटलं असेल कुणास ठाऊक, पण आमच्या आईचं मराठी त्यानं आठवड्याभरात आत्मसात केलं होतं. बिस्किटाचा अख्खा पुडा दाखवून त्याला मागच्या अंगणात आणला, मोरीजवळच्या खांबाला बांधला आणि पहिली बादली ओतली. पाणी पाठीवरून दोन्ही बाजूंनी असं काही निथळलं की माझी छाती अभिमानानं फुगली. दुसरी ओतली. मग साबण लावायला केसांत बोटं घातली तर आत ठणठणीत कोरडं. वरचे केस चिंब, पण बोटाच्या पेराएवढं खाली गेलं की उबदार, कोरडी लव, जणू पावसाची खबरच तिला नाही. तिसरी बादली मी केस उलटे धरून ओतली. ती माझ्या पायांवर पडली.

‘अहो, उद्या पाणी नाहीये,’ कार्यकारी संचालक म्हणाल्या.

‘शिकेकाई लाव रे त्याला,’ अध्यक्ष म्हणाल्या.

मी माझा अंगाचा साबण लावला. कुत्र्याला कुत्र्याचाच शाम्पू लागतो हे मला पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. माणसाच्या कातडीचा सामू साधारण साडेपाच, म्हणजे आम्लाकडे झुकलेला; कुत्र्याचा सातच्या आसपास. आपला साबण वारंवार लावला की त्याची कातडी कोरडी पडते, कोंडा होतो, खाज सुटते. हेही कळलं की अंघोळीच्या आधी केस विंचरून गुंता काढायचा असतो, कारण भिजलेला गुंता आवळत जातो. मी आधी अंघोळ घातली आणि मग कंगवा घेतला. कानामागच्या केसांचा जो गठ्ठा झाला होता तो बघून आईचे डोळे चमकले. ती मेंढपाळांच्या वाटेवरच्या गावातली. ‘अरे, ह्याचं घोंगडं होईल,’ ती म्हणाली आणि त्या दिवसापासून भास्करचा गळलेला प्रत्येक केस एका कापडी पिशवीत साठवू लागली.

पण ते नंतरचं. साबण लावून झाला, मी कपाळावरचा घाम पुसायला क्षणभर बाजूला झालो आणि भास्करनं अंग झटकलं.

आधी मान. मग खांदे, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी शेपटीचं टोक. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी ओल्या प्राण्यांच्या या झटकण्याचा अभ्यास करून २०१२ साली शोधनिबंध लिहिलाय. प्राणी जितका लहान तितकं तो भराभर झटकतो. उंदीर सेकंदाला तीसेक वेळा, अस्वल चारेक वेळा, मोठा कुत्रा अस्वलाच्या जवळपास. काही सेकंदांत कुत्रा अंगावरचं सत्तर टक्के पाणी उडवून टाकतो म्हणे. ते सत्तर टक्के कुठे गेलं, हे मी विनाअनुदान सांगू शकतो : तुळशीवर, भिंतीवर, आईच्या चष्म्यावर, भजनी मंडळाच्या अध्यक्षांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर आणि माझ्या उघड्या तोंडात. उरलेले तीस टक्के तो स्वतः घेऊन पळाला आणि नुकत्याच धुतलेल्या गोधडीवर लोळून त्याचा निकाल लावला. दावणीची गाठ मी बांधली होती. तीही घरगुतीच.

त्या रात्री घराला जो वास येत होता, त्याबद्दल लिहीत नाही. कापड बाजारातून आणलेले नवे पंचे बायकोनं दुसऱ्या दिवशी पायपुसणी म्हणून जाहीर केले.

पुढे गोचिडी झाल्या. कुत्रं म्हटलं की गोचिडी आल्याच, पण मला वाटलं त्या कुत्र्यावर राहतात. तसं नसतं. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. म्हणजे कुत्रा साफ केला तरी निम्मं काम घराचं उरतं. आमच्या देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर एक गोचीड संथ गतीनं चढताना आईनं पाहिली आणि तिनं दत्ताच्या तसबिरीला हात जोडले. तसबिरीत चार कुत्री आहेत, चार वेद समजले जातात. मी त्या चौघांकडे निरखून पाहिलं. एकाच्याही गळ्यात पट्टा नाही, एकही खाजवत नाहीये.

आता जिल्हा दुधाचा, म्हणजे गोचिडीचं औषध इथे चहापत्तीइतकं सहज मिळतं. मी कृषी सेवा केंद्रात गेलो आणि एक बाटली घेऊन आलो. बाटलीवर गायीचं चित्र होतं. गणित सरळ होतं : गाय अमुक किलोची, कुत्रा तमुक किलोचा, त्रैराशिक मांडलं की झालं. मी कागदावर ते मांडतही होतो, तेवढ्यात आई म्हणाली, ‘म्हशीचं औषध म्हशीला. त्याला द्यायचं तर आधी तू घे.’ आई शाळा चौथीपर्यंत शिकली. मी कसनुसा हसत गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी बाटलीवरचं नाव वाचायला लावलं, मग बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘ती बाटली बंद करून उंच ठेवा आणि कुत्र्याला घेऊन या.’ गुरांची औषधं कुत्र्यावर अंदाजानं वापरली की कुत्रं सुस्त पडतं, ओकतं, क्वचित दगावतं. काहींना तर एरवी चालणारी औषधंही चालत नाहीत. कुत्र्यांसाठी मानेवर टाकायचे थेंब आणि गोळ्या वेगळ्या मिळतात. डॉक्टरांनी त्या दिल्या आणि गोचीड कशी काढायची हेही दाखवलं : चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही, रॉकेल तर लावायचंच नाही. मी रॉकेलची बाटली घरी गेल्यावर लपवली.

कांद्याचं सांगायचं राहिलं. जिन्याखाली नेप्तीच्या बाजारातून आणलेली कांद्याची गोणी असते. कांदा, लसूण कुत्र्याला विष, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे कळल्यापासून ती गोणी माळ्यावर गेली. नगर जिल्ह्यातल्या घरात कांदा माळ्यावर! बायको भाजी करायच्या आधी स्टुलावर चढते आणि चढताना जे पुटपुटते ते मला उद्देशून असतं.

नखांच्या बाबतीत मात्र मला आत्मविश्वास होता. नखं तर आपण रोजच्या जगण्यात कापतोच. भास्करची नखं फरशीवर टकटक वाजू लागली होती, म्हणजे वाढली होती. दुपारी तो झोपलेला पाहून मी ते यंत्र घेतलं आणि पुढच्या उजव्या पंजाचं एक नख, काळंभोर, चट्कन कापलं. कुत्र्याच्या नखाच्या आत जिवंत भाग असतो, रक्तवाहिनी आणि नस असलेला. नख पांढरं असलं तर तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात तो दिसत नाही, म्हणून टोकाचा अगदी तांदळाएवढा तुकडा घेत घेत जायचं असतं. मी पहिल्याच फटक्यात हरभऱ्याएवढा घेतला.

भास्कर ओरडला नाही. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी शाळेतल्या फोटोतल्या त्या वेड्यावाकड्या केसांनिशी वडिलांकडे ज्या नजरेनं पाहायचो, तीच नजर. मग तो उठला आणि घरभर चालला. दिवाणखाना, स्वयंपाकघर, माजघर, थेट देव्हाऱ्यापर्यंत. पांढऱ्या फरशीवर लक्ष्मीपूजनाला काढावीत तशी लाल पावलं उमटली, एका पंजाआड एक. आई देव्हाऱ्यापुढे बसली होती. तिनं पावलं पाहिली, त्यांचा माग काढत यंत्र हातात धरलेल्या माझ्यापर्यंत नजर आणली आणि म्हणाली, ‘ह्याच्या बापानं ह्याच्या कानाची पाळी कापली होती.’ हे ती कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही, कारण खोलीत दत्ताशिवाय कुणी नव्हतं.

दाढीच्या डब्यातली तुरटी कामी आली. ओली करून नखावर दाबून धरली, पाच-सात मिनिटांत रक्त थांबलं. हळदही चालली असती, पण ती स्वयंपाकघरात होती आणि स्वयंपाकघरात बायको होती.

एवढं होऊनही मी शहाणा झालो असेन असा वाचकांचा समज असेल तर त्यांनी आमच्या विहिरीच्या तळाशी जाऊन मोट पाहावी. कारण त्यानंतर एप्रिल आला. नगरचा पारा चाळिशीपार गेला, भास्कर जीभ लांबवून फरशीवर पसरू लागला आणि मला त्याची दया आली. दया ही फार धोक्याची गोष्ट. मनात म्हटलं, हा जीव स्कॉटलंडचा, अंगावर हे एवढं केसांचं ओझं, नगरचा उन्हाळा काढायचा कसा? घरोघरी मुलांची मुंडणं करतात उन्हाळ्यात. मी मुलाचा जुना दाढीचा ट्रिमर शोधून काढला आणि डाव्या बाजूनं सुरुवात केली.

काम सुरेख चाललं होतं. भास्करला ट्रिमरची गुणगुण आवडली, तो चक्क झोपला. डाव्या खांद्यापासून डाव्या मांडीपर्यंत रान साफ झालं, गुलाबीसर कातडी दिसू लागली. पाठीच्या कण्यावर सरळ रेघ आली. तिथे ट्रिमरनं एक मोठा आवाज केला, जळका वास आला आणि तो कायमचा थांबला.

उभा चिरलेला कुत्रा तुम्ही कधी पाहिलाय का? उजवीकडून तो भरघोस, रुबाबदार, लॉर्ड ट्वीडमाउथच्या दिवाणखान्यात शोभेल असा. डावीकडून तो आमचा कुणीतरी नातेवाईक. समोरून पाहिलं की डोकं गरगरायचं. बायको बाहेर आली, तिनं कुत्र्याभोवती एक फेरी मारली आणि काही न बोलता आत जाऊन मुलाला फोन लावण्याऐवजी आपल्या बहिणीला लावला. हे जास्त वाईट.

पण आमच्याकडे उपाय होता. त्याच आठवड्यात गावाकडे भावाच्या रानात धनगरांचा वाडा बसला होता. दिवाळीनंतर हे लोक मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात, पावसाळ्याआधी परत फिरतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत मिळतं. कातरणीत त्यांचा हात कोण धरणार? मी भास्करला गाडीत घातलं, आईनं तिची केसांची पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि आम्ही पारनेरच्या रस्त्याला लागलो.

वाड्यावर कातरणी चालूच होती. एक पागोटेवाले म्हातारबा मेंढी आडवी पाडून, तिचे पाय एकत्र बांधून, मोठ्या लोखंडी कातरीनं लोकर काढत होते. खच् खच् खच् असा एकसारखा आवाज, आणि काळी लोकर अंगावरून सोलपटासारखी सुटत होती. मेंढी निवांत. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. उन्हातान्हात राबणारे ते हात, पण तळवे मऊ, तुकतुकीत. लोकरीत चिकट तेल असतं, कातरणाऱ्याच्या हाताला ते आपोआप लागत राहतं. पुण्यात हेच डबीत घालून विकतील.

‘बाबा, एवढं अर्धं राहिलंय, तेवढं करून द्या,’ मी म्हणालो.

म्हातारबांनी कातर खाली ठेवली. भास्करला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग आपल्या बायकोला हाक मारली, तिनं सुनेला मारली, सून पोरांना घेऊन आली. सगळा वाडा जमला. बाभळीखाली त्यांची दोन कुत्री पडली होती, गळ्यात बिबट्यासाठी खिळ्यांचे पट्टे. त्यांनीही मान वर करून पाहिलं आणि परत टाकली.

‘आवं सायेब, हे काय केलंया?’

‘उन्हाळा आहे ना. गरम होतं त्याला.’

‘मंग तुमी का न्हाई केस काढलं?’ माझ्या टकलाकडे बघून ते पुढचं बोलायचे थांबले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘मेंढराची लोकर येगळी, सायेब. कापली न्हाई तर वाढतच ऱ्हाती. ह्येचं केस आपणहून गळत्यात, आपणहून येत्यात. ऱ्हायलंय त्येवढं ऱ्हाऊ द्या.’

‘तुम्ही तुमच्या कुत्र्यांना अंघोळ कधी घालता?’

‘पाऊस घालतोय की.’

आईच्या पिशवीतले केस त्यांनी चिमटीत धरून, दोन्ही बोटांत फिरवून बघितले. सूत धरत नाही, निसटतंय, असा निकाल दिला. वर आईसाठी मूठभर लोकर दिली, उशीत भरायला. पैसे घेतले नाहीत. अर्धा कुत्रा बघायला मिळाला, त्यातच त्यांची फिट्टंफाट झाली असावी.

परतताना दवाखान्यात गेलो. खोड्यात एक जर्सी गाय उभी होती, डॉक्टर कोपरापर्यंतचा हातमोजा काढत होते. मागे दोन शेळ्या आणि त्यांच्या मागे आम्ही. एका शेळीनं भास्करच्या डाव्या बाजूला नाक लावलं आणि तो माझ्या पायांत घुसला.

‘अर्धंच का?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘ट्रिमर जळाला.’

‘देव पावला,’ ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात म्हातारबांहून जास्त दया होती. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गादीतून थोडा येतो. बाकीची उष्णता तो धापा टाकून, जिभेवाटे बाहेर काढतो. त्यामुळे केस काढून त्याला वारा लागत नाही, ऊन मात्र थेट लागतं. हा दुहेरी थर थंडी जशी अडवतो तसं ऊनही अडवतो. काढायची ती फक्त आतली गळकी लव, ब्रशनं, रोज थोडी थोडी. म्हणजे हवा खेळते. भादरलं की आतली लव आधी वाढते, वरचे केस मागून, कधी नीट येतात, कधी येतच नाहीत. तोवर डाव्या बाजूला ऊन लागू द्यायचं नाही, फिरायला पहाटे किंवा अंधार पडल्यावर न्यायचं. लोंबत्या कानांत पाणी राहिलं तर कान चिघळतात, तेव्हा अंघोळीनंतर कान कोरडे करायचे, आणि अंघोळ महिन्यातून एकदा पुरे. शेवटी चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, ‘नोकरी कुठे होती आपली?’ मी सांगितलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, हे मला आवडलं नाही.

पहाटेच्या अंधारात आम्ही फिरायला लागलो, तरी लोकांना कळायचं ते कळलंच. पाइपलाइन रोडला दूधवाले गाडी हळू करून बघायचे. एका सद्गृहस्थांनी ही नवी जात का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी किंमत विचारली.

खरी कसोटी मुलाच्या व्हिडिओ कॉलची. दर रविवारी जर्मनीहून ऑस्करचं दर्शन मागितलं जायचं. मी भास्करला दिवाणाला डावी बाजू लावून बसवायचो आणि कॅमेरा उजवीकडून धरायचो. ‘बाबा, त्याला जरा वळवा ना,’ मुलगा म्हणायचा. ‘झोपलाय तो,’ मी म्हणायचो. त्यावर भास्कर मालकाचा आवाज ऐकून शेपटी आपटायचा. असं किती रविवार चालणार? सून हुशार आहे. एकदा तिनं विचारलं, ‘बाबा, ऑस्कर नेहमी एकाच बाजूला तोंड करून का असतो?’ आई मागून म्हणाली, ‘वास्तुशास्त्र.’

अखेर मुलगा सुट्टीवर येतोय म्हणून कळलं आणि बायकोनं पर्स उचलली. आमच्या सावेडीतही अशी पार्लरं निघालीत, त्यातल्या एकात तिनं आम्हा दोघांना नेलं. थंडगार खोली, भिंतीवर हसणाऱ्या कुत्र्यांची चित्रं, आणि कोपऱ्यात काचेच्या बाटल्यांत ते पंजाचं लोणी, दरपत्रकासह. मी दरपत्रक खालून वर वाचायला सुरुवात केली. बायकोनं माझा चष्मा काढून पर्समध्ये टाकला.

काउंटरवरच्या मुलीनं भास्करला टेबलावर उभं केलं, एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिलं. डावीकडे एव्हाना मऊ लवेचे पुंजके उगवले होते, मधे मधे रिकामी जागा. तिनं त्यावरून हात फिरवला, पंजा उचलून नखं पाहिली आणि कळवळून म्हणाली, ‘अगं बाई! काका, कुणी केलं हो हे असं?’

बायको माझ्याकडे बघत होती. भास्करही.

‘पुण्यात,’ मी म्हणालो.

‘तरीच,’ ती म्हणाली आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं.